फ्यूज खिशात होता

मार्च महिन्यातल्या एका गुरुवारी, दुपारी तीन वाजून वीस मिनिटांनी, मीरा रोड पूर्वेच्या एका सात मजली इमारतीत फ्लॅट क्रमांक ३०२ मधून धूर येऊ लागला. फ्लॅटमध्ये नूतनीकरणाचे काम सुरू होते. त्या वेळी आत कोणी नव्हते. गॅलरीच्या दाराशी ठेवलेली एक गोणी जळाली, प्लायवूडच्या थप्पीची कड जळाली, भिंत छतापर्यंत काळी झाली. पाण्याच्या तीन बादल्या आणि जिन्यातले एक अग्निशामक नळकांडे यांनी आग विझली. अग्निशमन दलाची गाडी पोचली तेव्हा विझवायला काही उरले नव्हते. जळालेल्या गोणीपासून दोन हातांवर थिनरचे तीन डबे होते. ते जसेच्या तसे सापडले.

ही बातमी मी लिहिली. ती चार ओळींची होती आणि त्यातली एक ओळ चुकीची होती.

एका दैनिकाच्या मीरा-भाईंदर आवृत्तीत मी एकोणतीस वर्षे काम केले, त्यातली शेवटची अकरा वर्षे डेस्कप्रमुख म्हणून. बाहेरच्या माणसाला वाटते, वार्ताहर घटनास्थळी जातो आणि बघून लिहितो. मोठ्या बातमीचे तसे होते. चार ओळींच्या बातमीचे होत नाही. रोज संध्याकाळी सहाला एक जण फोन घेऊन बसतो, पोलीस ठाणी, रुग्णालये, अग्निशमन केंद्र असे ओळीने फोन लावतो आणि विचारतो, आज काय? पलीकडचा माणूस नोंदवही वाचून दाखवतो. पानावर जेवढी जागा उरली असेल तेवढी ती नोंद बातमी होते.

आगीच्या बातमीसाठी आमच्याकडे एक तयार वाक्य होते: 'शॉर्ट सर्किटमुळे आग लागल्याचा प्राथमिक अंदाज आहे.' हे वाक्य हाताला इतके सरावले होते की कारण माहीत नसले तरी ते आपोआप उमटत असे. एकदा भाईंदर पश्चिमेला वडापावची एक हातगाडी पेटली. आम्ही शॉर्ट सर्किट छापले. दोन दिवसांनी गाडीवाल्याचा फोन आला. त्याच्या गाडीवर विजेचा दिवाच नव्हता, आणि आमची बातमी वाचून वीज चोरून घेतली आहे का ते तपासायला माणूस येऊन गेला होता. कार्यालयात आम्ही त्यावर बरेच दिवस हसलो. वाक्य मात्र बदलले नाही.

त्या गुरुवारी फोनवर मी स्वतः होते. केंद्रातल्या माणसाने सांगितले, कारण कळलेले नाही, आत वायरिंगचे काम चालू होते. मी लिहिले, 'वायरिंगचे काम सुरू असताना शॉर्ट सर्किट झाल्याने आग लागल्याचा प्राथमिक अंदाज आहे.' रात्री शेजारच्या जाहिरातीची उंची वाढली आणि बातमी अर्ध्या ओळीने छोटी करावी लागली. मी 'लागल्याचा प्राथमिक अंदाज आहे' काढून 'लागली' केले.

शनिवारी सकाळी मिलिंद सोनवणे कार्यालयात आला. वय चाळिशीच्या आतबाहेर, मूळचा परभणीचा, राहणार पेणकरपाडा. वीस वर्षे वायरमनचे काम. तो बसला नाही. त्याने बातमीचे कात्रण टेबलावर ठेवले, आणि त्याच्या शेजारी चिनी मातीचा एक पांढरा फ्यूज.

"मॅडम, तुम्ही माझं नाव नाही लिहिलं, मान्य," तो म्हणाला. "पण त्या दिवशी त्या बिल्डिंगमध्ये वायरमन एकच होता."

मी फ्यूजबद्दल विचारले.

"हा तीनशे दोनचा. मीटर रूममधला. आग लागली तेव्हा हा माझ्या खिशात होता आणि मी भाईंदरला दुकानात होतो. लाइटच नव्हता घरात, तर सर्किट शॉर्ट कसं होणार, एवढं फक्त मला समजावून सांगा."

त्याने पुढे जे सांगितले ते असे. वायरमन घराची वीज बंद करतो तेव्हा नुसता मेन स्विच खाली करून भागत नाही. मागून कोणीतरी येतो, अंधार दिसला की वर करतो आणि उघड्या वायरीवर काम करणाऱ्याचा जीव जातो. म्हणून जुने वायरमन मीटर रूममधून फ्यूज काढतात आणि काम संपेपर्यंत खिशात ठेवतात. मिलिंदला हे त्याच्या उस्तादाने शिकवले होते. गुरुवारी सकाळी अकराला त्याने फ्यूज काढला. दुपारी एकला नवीन स्विचबोर्डचा एक भाग कमी पडला म्हणून तो भाईंदरला गेला. दुकानाच्या बिलावर तीन वाजून दोन मिनिटे अशी वेळ छापलेली होती. बिलही त्याने आणले होते.

शुक्रवारी सकाळी सोसायटीच्या सेक्रेटरींनी आमचे कात्रण फाटकाजवळच्या फलकावर लावले आणि खाली हाताने लिहिले की संबंधित वायरमनला आवारात प्रवेश नाही. त्या आवारात सात इमारती आहेत. मिलिंदची निम्म्याहून जास्त कामे तिथलीच होती. शेजारच्या दोन सोसायट्यांनी तोवर त्याचे फोन घेणे बंद केले होते.

"माझ्या हाताने आग लागली असेल तर मी हे काम सोडतो," तो म्हणाला. "पण नसेल लागली, तर कशाने लागली ते तुम्ही शोधा. छापलंय तुम्ही."

त्याच दुपारी मी ३०२ मध्ये गेले. घटना घडून दोन दिवस झाले होते.

फ्लॅट मंगेश पाटील यांचा. कुटुंब मूळ राई गावचे. एके काळी भातशेती आणि एक मासेमारीची नाव. नाव मोडीत काढली तेव्हा त्यांच्या वडिलांनी सागाच्या फळ्या ठेवून घेतल्या होत्या. त्या फळ्यांचे जेवणाचे टेबल आणि एक बाक करायचे, असे नव्या घरात ठरले होते. काम संपेपर्यंत मंगेश आणि त्यांच्या आई हौसाबाई समोरच्याच ३०४ मध्ये भाड्याने राहत होते.

भिंतीतून वायरी लोंबत होत्या. एकाही वायरीचे आवरण वितळलेले नव्हते. स्विचबोर्डाच्या खोबणी स्वच्छ होत्या. काळा डाग जमिनीपासून सुरू होऊन वर रुंद होत गेला होता, आणि त्या भिंतीत वायरच नव्हती. हे पाहायला पाच मिनिटे पुरली. गुरुवारी संध्याकाळी मी आले असते तरी पाचच मिनिटे लागली असती.

हौसाबाई दारात उभ्या होत्या. वय पंच्याहत्तरच्या पुढे. धूर पहिल्यांदा त्यांनीच पाहिला होता. रोज दुपारी त्या आपल्या फळ्या बघायला येत. त्या दिवशी दार उघडले तेव्हा गोणीतून धूर निघत होता, पण जाळ नव्हता. त्यांनी गोणी ओढली, ती फाटली आणि भडका उडाला. सिमेंट कालवायला भरून ठेवलेल्या पिंपातून त्यांनी तीन बादल्या ओतल्या. मग पहारेकरी नळकांडे घेऊन आला.

वायर जळाल्याचा वास आला होता का, मी विचारले.

"न्हाय," त्या म्हणाल्या. "वायरचा वास मना ठावा हाय. यो तेल करपल्याचा वास व्हता. कढईत इसरल्यावानी."

हे आधी कोणाला सांगितले का?

"इचारला कोनी?"

गोणी कोणाची, हा पुढचा प्रश्न होता. ती पॉलिशवाल्याची होती. विश्राम मेस्त्री, वय साठ, मालवणकडचे, पस्तीस वर्षे लाकडाला पॉलिश करण्याचे काम. फोनवर ते आधी एवढेच म्हणाले की ते विडी ओढत नाहीत, हवे तर कोणालाही विचारा. मी सांगितले की विडीबद्दल मी विचारतच नाही, गोणीत काय होते तेवढे सांगा. रविवारी ते भेटायला आले आणि त्यांनी सगळे सांगितले.

जुन्या सागाला चकचकीत पॉलिश शोभत नाही, म्हणून त्यांनी फळ्यांना उकळलेले जवसाचे तेल लावायचे ठरवले होते. हे तेल हाताने लावतात, लाकडाला पिऊ देतात आणि उरलेले सुती फडक्याने पुसून घेतात. सकाळपासून पंधराएक फडकी झाली. साडेबाराला काम संपले. फडकी, रंध्याच्या ढलप्या आणि भुसा असे सगळे त्यांनी एका गोणपाटाच्या गोणीत पायाने दाबून भरले, तोंड सुतळीने बांधले, गोणी गॅलरीच्या दाराशी ठेवली आणि ते घरी गेले.

"नेहमी असंच करता का?" मी विचारले.

"छे. नेहमी दोरी बांधतंय नि फडकी वाळत घालतंय. माझ्या काकान शिकवल्यान तसां."

"कशासाठी?"

"वाळली की परत वापरूक येतत. आणखी कशाक?"

मग या वेळी का नाही, याचे उत्तर त्यांनी खिशातून काढून दाखवले. घरात काम सुरू करण्याआधी सोसायटी प्रत्येक कारागिराला छापील नियमांचा कागद देते आणि खाली सही घेते. नियम नववा: गॅलरीत किंवा ग्रिलवर काहीही वाळत घालू नये. नियम दहावा: सर्व कचरा गोणीत भरून, तोंड घट्ट बांधून, टेम्पो येईपर्यंत घरातच ठेवावा. मेस्त्री दोरी बांधत असताना पहारेकऱ्याने बुधवारी हटकले होते. त्यांनी दोरी सोडली. पस्तीस वर्षांत पहिल्यांदाच.

या टप्प्यावर मला काय घडले ते साधारण दिसत होते, पण का ते माहीत नव्हते. बंद घरातली फडक्यांची गोणी, ठिणगी नाही, वीज नाही, विडी नाही, आणि तीन तासांनी आग. अग्निशमन सेवेतून निवृत्त झालेले नाईक नावाचे एक ओळखीचे अधिकारी मीरा रोडलाच राहत. त्यांना फोन केला. त्यांनी एकच प्रश्न विचारला: "जवसाचं तेल होतं का?"

जवसाचे तेल पाण्यासारखे उडून वाळत नाही, असे त्यांनी समजावले. ते हवेतला प्राणवायू घेते आणि घट्ट होते. हे होताना उष्णता बाहेर पडते. फडके दोरीवर असेल तर ती वाऱ्याबरोबर निघून जाते आणि कोणाला कळतही नाही. फडकी दाबून भरली तर उष्णता आतच साठते, त्याने तेल अधिक वेगाने वाळते, त्याने उष्णता आणखी वाढते. आधी धूर येतो. कोणी गोणी फाडून हवा दिली की जाळ.

मी हे लिहून घेतले. मेस्त्रींना सांगितले तेव्हा त्यांनी मान हलवली, पण ते पटलेले दिसले नाही. मिलिंदलाही पटले नाही. सेक्रेटरी महेंद्रभाई तर उघड हसले. "मॅडम, तेल अपने आप जलता है क्या? मग आमच्या घरात रोज आग लागेल." खाद्यतेल आणि जवसाचे उकळलेले तेल यातला फरक मी सांगितला. त्यांनी ऐकून घेतले आणि फलकावरचे कात्रण तसेच ठेवले.

तेव्हा करून बघायचे ठरले. जागा पाटलांनी दिली: राईला खाडीच्या बाजूला त्यांचा एक मोकळा तुकडा अजून शिल्लक आहे, आजूबाजूला बांधकाम नाही. पुढच्या रविवारी सकाळी आम्ही तिथे जमलो. नाईक वाळूच्या दोन बादल्या, पाण्याचे एक पिंप आणि लांब दांड्याचा तापमापक घेऊन आले. सेक्रेटरींनाही बोलावले होते. ते पांढरे बूट घालून आले आणि शेवटपर्यंत बांधावरच उभे राहिले.

मी नवी फडकी तेलात बुडवली, पिळली आणि भुशाबरोबर गोणीत भरली. शेजारी एक पत्र्याचा डबा, त्यात तशीच फडकी आणि वर घट्ट झाकण. दोन बांबूंमध्ये दोरी, तिच्यावर चार फडकी. मग वाट पाहिली. एक तास, दोन तास, साडेतीन तास. गोणी किंचित कोमट झाली आणि तशीच राहिली. डबा थंड. दोरीवरची फडकी हलत होती. मिलिंद दर दहा मिनिटांनी गोणीला हात लावून बघत होता. दीड वाजता महेंद्रभाई म्हणाले की त्यांना जेवायला घरी जायचे आहे, आणि गेले. मिलिंद बांधावर जाऊन बसला.

चूक मेस्त्रींनी दाखवली.

"बाई, फडकी बुडवतत काय कोण? आम्ही लाकूड पुसतंव. फडका भिजना नाय, ओलसर होता फक्त."

नाईक म्हणाले, बरोबर. तेलात थबथबलेल्या फडक्यात हवा शिरत नाही. पातळ थर लागलेल्या फडक्यात शिरते.

पुढच्या रविवारी मी कशालाही हात लावला नाही. मेस्त्रींनी हौसाबाईंची एक उरलेली फळी दोन बाकड्यांवर ठेवली आणि त्या गुरुवारसारखेच काम केले: तेल लावले, थांबले, पुसले, पुन्हा लावले. हौसाबाई खुर्ची टाकून बसल्या होत्या आणि फळीचा कोणता भाग कोरडा राहिला ते सांगत होत्या. साडेबाराला पंधरा फडकी झाली. मेस्त्रींनी चार दोरीवर टाकली, तीन डब्यात घालून झाकण लावले, बाकीची भुशाबरोबर गोणीत दाबली, तोंड बांधले आणि गोणी उन्हात ठेवली.

दीड वाजता गोणीच्या आत बेचाळीस अंश. दोन वाजता अठ्ठावन्न. अडीचला नाईकांनी सगळ्यांना दहा पावले मागे यायला सांगितले. दोन पन्नासला गोणीच्या शिवणीतून पांढरा धूर निघाला.

वारा खाडीकडून होता. धूर आमच्याकडे आला.

"यो बघा," हौसाबाई म्हणाल्या. "योच वास."

नाईकांनी दांड्याने गोणी फाडली. जाळ कमरेइतका आला. त्यांनी तो वाळूने विझवला. डबा गारच होता. झाकणामुळे आत नवी हवा गेली नव्हती. दोरीवरची फडकी वाळून कडक झाली होती. मेस्त्रींनी त्यातले एक काढले, हातात घेऊन बराच वेळ पाहिले, आणि म्हणाले की काकाला हे माहीत होते की नाही कोण जाणे.

महेंद्रभाई या वेळी जेवून आले होते. "नियम तो सफाई के लिए बनाया था," ते म्हणाले. "आग लगाने के लिए थोडी बनाया."

"मेस्त्रींना पण तेच वाटलं होतं," मिलिंद म्हणाला. "म्हणून तर पाळला."

मंगळवारी आमच्या अंकात सहाव्या पानावर खुलासा आला. वृत्तपत्रात चूक दुरुस्त करण्याच्या मजकुराला खुलासा म्हणतात. तो शक्यतो लहान असतो आणि शक्यतो कोणाला दिसणार नाही अशा जागी असतो. हा चार ओळींचा असावा, असे वरून सांगण्यात आले, कारण मूळ बातमी चार ओळींची होती. मी अकरा ओळी लिहिल्या आणि त्या रात्री पान लावायला दुसऱ्या कोणाला बसू दिले नाही. शेवटच्या तीन ओळी जवसाच्या तेलाच्या फडक्यांचे काय करावे याबद्दल होत्या: सुटी सुटी करून मोकळ्या हवेत वाळवावीत, किंवा पाण्यात बुडवून झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवावीत. एकोणतीस वर्षांत माझ्या नावाने बरेच छापून आले. कापून ठेवलेला मजकूर हा एकच, आणि त्यावर नाव नाही.

त्यानंतर डेस्कवर मी एक कागद चिकटवला: आगीचे कारण माहीत नसेल तर 'कारण समजू शकले नाही' असे लिहावे. मी निवृत्त झाले तेव्हा तो कागद जागेवर होता. सध्या आहे की नाही, याची माहिती घेतलेली नाही.

सोसायटीच्या बैठकीला मी हजर होते. नववा नियम बदलला: पॉलिशची फडकी दोरीवर वाळत घालण्यास परवानगी, तीन दिवसांपर्यंत. महेंद्रभाईंनी स्वतः फलकाचे कुलूप उघडले, जुने कात्रण काढले आणि त्या जागी खुलासा लावला. मिलिंदला आवारात येण्याची मुभा आहे असे त्यांनी हिंदीत सांगितले, मग गुजरातीत, मग मराठीत.

मिलिंद म्हणाला, त्याची एक अट आहे. माफी नको. वायरमन फ्यूज काढून बाहेर गेला तर पहारेकऱ्याने ते फाटकावरच्या वहीत लिहायचे, वेळेसकट. "परत कोणी विचारलं तर मला खिसा दाखवायला लागू नये," तो म्हणाला.

त्यावर चर्चा झाली नाही. वहीत एक रकाना वाढवण्यात आला.

पुढच्या सोमवारची त्या वहीतली नोंद मी पाहिली आहे. नाव: मिलिंद सोनवणे. काम: वायरमन. फ्लॅट: ३०२. आत: सकाळी दहा वाजून पाच मिनिटे. बाहेर: एक वाजून वीस मिनिटे. शेरा: फ्यूज सोबत नेला.